११ जुलै १९७९ : पडणार, पडणार, पडणार!

जिंतूरकर (धागाकर्ता)

परवा घरच्या ग्रुपवर पुतण्याने बातमी टाकली, कुठलासा निकामी उपग्रह या आठवड्यात खाली येणार म्हणून. पाच जणांनी अंगठा दाखवला, एकाने हसरा चेहरा टाकला आणि लगेच वहिनीने विचारलं, 'चक्कीवर कोण चाललंय?' झालं. आभाळातून लोखंड पडतंय आणि लोकांना दळणाची पडलीय! मला जरा वाईटच वाटलं. आमच्या लहानपणी एकच पडणार होतं, पण गावाने त्याचा मान कसा राखला होता. म्हणून हा धागा.

बुधवार, ११ जुलै १९७९. मी सहावीत. गाव जिंतूर तालुक्यात. मराठवाड्याचे तेव्हा पाचच जिल्हे. जालना, लातूर, हिंगोली अजून तालुकेच होते. आषाढी होऊन सहा दिवस झालेले. दिंडीची माणसं नुकती परतलेली, घरोघर चुरमुऱ्यांचा प्रसाद आणि पाय चेपून घेणारे म्हातारे. मूग-उडीद चार पानांवर. तरण्या पावसाचे दिवस.

गावात पेपर एकच, दैनिक मराठवाडा. तो दुपारच्या बसने यायचा, म्हणजे औरंगाबादेत शिळा झाला की आमच्याकडे ताजा व्हायचा. हॉटेलात (दोन बाकडी, एक स्टोव्ह, भिंतीला टेकलेला एक कायमचा म्हातारा) आमचे गुरुजी तो मोठ्याने वाचायचे. त्या आठवड्यात बातम्या दोनच. एक, अमेरिकेची स्कायलॅब नावाची ७७ टनांची प्रयोगशाळा (गावाच्या भाषेत आभाळातलं घर) खाली येतेय, कुठं आदळेल त्याचा नेम नाही. दुसरी, दिल्लीत मोरारजींचं सरकार डगमगतंय. नेमका त्याच ११ तारखेला यशवंतराव चव्हाणांनी लोकसभेत अविश्वासाचा ठराव मांडला. दोन्ही बातम्यांचं क्रियापद एकच : पडणार. आणि गुरुजींना वाचताना मधे थांबायची सवय नव्हती. ऐकणाऱ्यांच्या डोक्यात पार गोपाळकाला.

'कुठं पडणार म्हणलं?'
'दिल्लीत.'
'मग आपल्याला काय करायचंय?'
'दिल्लीत ते सरकार. घर कुठंबी पडंल.'
'म्हंजे सरकार घरात नाही का?'

आमच्या आजीला हे घरी येऊन सांगितलं तर तिला एकच कोडं पडलं. 'अमेरिकेचं घर आपल्यावर कामून पाडू लालेत? बहात्तरला ती लाल मिलो पाठवली, आता घर पाठवू लालेत. त्यायच्याकडं सडलं की आपल्याकडं.' दुष्काळात ती मिलो ज्वारी खाल्लेल्या माणसाचं अमेरिकेबद्दलचं मत इतक्या सहज बदलत नसतं.

शाळेत आम्हाला सूचना मिळाली : मोठा आवाज आला की ओळीने बाहेर पडून लिंबाच्या झाडाखाली उभं राहायचं. ढकलाढकली करायची नाही. ७७ टनांचं घर लिंबाच्या फांदीला अडकणार, यावर वर्गात कुणालाच शंका आली नाही. मलाही नाही.

आता मुद्द्याचं. आमचं किराणा दुकान. त्यामुळे त्या जगबुडीची खरी नोंद आमच्या उधारीच्या वहीत झाली. दोन-तीन दिवस आधीपासूनच गिऱ्हाइकांचे दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, मरायचंच आहे तर फेडायचं कशाला, उलट अर्धा किलो गूळ लिहा नावावर. दुसरा तट धास्तावलेला. कर्ज ठेवून मेलं की पुढच्या जन्मी त्याच माणसाच्या दावणीला बैल होऊन यावं लागतं, हे त्यांना आईच्या दुधासोबत मिळालेलं ज्ञान. आमच्याकडे तर बैलही नव्हता, तेलाचे डबे आणायला हातगाडी होती. पुढच्या जन्मी हातगाडी कोण होणार?

वडिलांचे एक बालमित्र होते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. ११ तारखेला दिवेलागणीला ते कंदील घेऊन आले, अकरा रुपये मोजून गल्ल्यावर ठेवले आणि म्हणाले, 'खोड माझं नाव. माझ्या डोळ्यादेखत खोड.' वडिलांनी खोडलं. तात्यांनी वाकून वहीला नमस्कार केला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी फळ्या काढायच्या आधी तात्या ओट्यावर हजर.
'पडलं नाही न?'
'नाही.'
'मग आण ते अकरा रुपये. खताला पायजेत.'

वडिलांनी दिले! का दिले ते मला आजही नीट कळलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, 'त्याचं बरोबर हाय. पडण्याच्या बोलीवर दिले होते.' खोडलेल्या नावाखाली पुन्हा नाव लिहिलं. तेव्हापासून आमच्या गावात 'कधी देतोस?' याचं ठरलेलं उत्तर होतं : 'स्कायलॅबला देतो.'

तुमच्याकडे काय काय झालं? आणि मरायच्या आधी खाऊन घ्यावा म्हणून बोकड कुणी कापला होता का, हेही सांगा. आमच्या गावात कापल्याचं मी ऐकून आहे.


शेंगदाणा

आमच्या गावात कापला होता. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण कापला होता.


काळी_माती

ह.ह.पु.वा. (हसून हसून पुरेवाट) हातगाडी!!

मी गंगाखेडकडची. आमच्या शेतात तेव्हा खुरपण चालू होतं. बायकांनी बांधावर बसकण मारली आणि सांगितलं, आजचा रोज आधी हातावर द्या, मगच खुरपं हातात धरू. आजोबा म्हणाले, 'आजवर कधी बुडवला का?' त्यावर त्यांच्यातली एक, लै तोंडाळ होती म्हणतात, ती म्हणाली, 'तुमी नाही बुडवला मालक, पण तुमीच बुडालाव तर?' आजोबांनी पैसे दिले. बायकांनी दुपारपर्यंत खुरपलं आणि दुपारनंतर सगळ्या घरी. 'रोज फिटला, आता मरायला घरीच बरं.'

आई सांगते, स्कायलॅब गेलं पण रोज आधी घ्यायची पद्धत पुढे दोन-तीन आठवडे तशीच चालली. आजोबा चिडून म्हणायचे, ते अमेरिकेचं पडलं समुद्रात आणि खड्डा पडला माझ्या खिशात.


पुण्यात_अडकलेला

भारी धागा. एक बाळबोध प्रश्न : लोकांना नेमकं कळायचं कसं? फोन नाही, टीव्ही नाही. रोज एक पेपर आणि तोही उशिरा. मग अफवा इतक्या वेगाने कशा पोचल्या?


जिंतूरकर

@पुण्यात_अडकलेला, पेपर नसल्यामुळेच तर पोचल्या. पेपर असता तर लोक वाचत बसले असते. बस यायची, कंडक्टर एक वाक्य टाकून जायचा आणि पुढची बस येईपर्यंत गाव त्यावर काम करायचं. वर कोतवालाची दवंडी. आमच्या कोतवालाने स्वतःच्या अधिकारात पुकारलं होतं की आभाळातून घर येऊ लालंय, तरी पाटलाला विचारल्याबिगर कुणी गाव सोडू नये. पाटील स्वतः आदल्या दिवशीच लेकीकडे परभणीला गेलेले.


खडूस_मास्तर

धागा वाचून मजा आली, पण काही गोष्टी जागच्या जागी ठेवू. सवय आहे, माफ करा.

स्कायलॅब १४ मे १९७३ ला वर गेलं. तीन तुकड्या, प्रत्येकी तीन माणसं, त्यात राहून आल्या : २८ दिवस, ५९ दिवस आणि ८४ दिवस. फेब्रुवारी १९७४ मध्ये शेवटची तुकडी परतली आणि घराला कुलूप. म्हणजे पडताना आत कुणी नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मी तेव्हा सेलूच्या बाजूला एका खेड्यात नवाच शिक्षक होतो, आणि पारावर 'आतल्या माणसांना खाली आल्यावर भाकरी चालंल का' यावर गंभीर चर्चा झाली होती. एकाने स्वतःचं घर देऊ केलं होतं. भीती होती तिथे पाहुणचारही होता, एवढं नोंदवून ठेवा.

पडलं का? सूर्यावरची खळबळ अंदाजापेक्षा जास्त निघाली. त्यामुळे वरची विरळ हवा तापून फुगली, स्कायलॅबच्या वाटेत आली आणि तिच्यात घासत घासत त्याची कक्षा खाली खाली आली. पाऊस झाल्यावर काळ्या रानातून गाडी काढून बघा, बैल तेच, गाडी तीच, पण चाक ओढत नाही. नासाचा बेत असा होता की नवं स्पेस शटल वर पाठवून त्याला धक्का देऊन उंच न्यायचं. ते शटल पहिल्यांदा उडालं एप्रिल १९८१ मध्ये. वऱ्हाड जेवून गेलं आणि मग आचारी आला.

आता माझी फजिती. नासाने आकडा जाहीर केला होता : तुकडा कुणाला तरी लागण्याची शक्यता १५२ त १. म्हणजे साऱ्या जगात कुणा तरी एकाला. ठरावीक एका माणसाला लागण्याची शक्यता तर ६०० अब्जांत १. मी गावाला धीर द्यायला म्हणून हे पारावर समजावून सांगितलं. १५२ त १ म्हटल्यावर एका कास्तकाराने बोटांवर हिशोब केला आणि ओरडला, 'गावात आठशे माणूस हाय. म्हंजे पाच जाणार!' पुढची रात्र त्या पाच जणांची नावं ठरवण्यात गेली. यादीत माझं नाव दुसरं होतं, कारण बातमी मी आणली होती. भागाकार बिनचूक होता हो. मी गणितच शिकवायचो, मला कौतुक वाटलं.

राहता राहिला बोकड. नोकरीत माझ्या सात गावांत बदल्या झाल्या. सातही गावांत मला सांगितलं गेलं की स्कायलॅबच्या भीतीने अमक्याने बोकड कापून खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी रडत बसला. सातही ठिकाणी सांगणारा माणूस वेगळा, बोकडाचा रंग मात्र काळाच. अहो, महिना आषाढ! एकादशी झाली की मरीआईला बोकड जातोच. आखाडात बोकड कापायला स्कायलॅब कशाला लागतंय? कापला देवीला, खाल्ला घरच्यांनी, आणि बिल फाडलं अमेरिकेच्या नावाने.


शेंगदाणा

मास्तर, तुम्ही माझा बोकड हिरावून घेतलात.


काळी_माती

+१ मास्तर. आमच्याकडच्या गोष्टीतलाही काळाच होता!


पाटोद्याची_सून

आखाडाचा विषय निघालाच आहे तर सासूबाईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतलीय. आधी नाही म्हणाल्या, मग म्हणाल्या, नावं घालू नको.

त्यांचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालेलं. पहिला आखाड म्हणून नवरी माहेरी. आमच्याकडे हा नियम कडक; महिनाभर नवरा-नवरीने एकमेकांचं तोंड बघायचं नाही, जावयाने सासुरवाडीची वाटही धरायची नाही. आणि ११ तारखेला दुपारी मामंजी सायकल घेऊन सासुरवाडीच्या दारात! आठ कोस चिखल तुडवत आलेले. सायकलने त्यांना आणलं की त्यांनी सायकलला, हे कपड्यांवरून कळत नव्हतं.

त्यांचे सासरे दारात आडवे. 'पाव्हणं, आखाड हाय.'
मामंजी म्हणाले, 'मामा, श्रावण बघायला कोण ऱ्हातंय?'

ह्याला उत्तर नव्हतं. पण घरात घेणंही शक्य नव्हतं. शेवटी मारुतीच्या देवळात मुक्काम दिला, जेवणाचं ताट तिकडे पोचवायचं ठरलं. ताट कोण नेणार? धाकटा मेव्हणा. आणि मेव्हण्याला अंधाराची भीती वाटते म्हणून सोबतीला कोण? हो, त्याच. घूंगट ओढून, म्हणजे तोंड दिसलं नाही, म्हणजे नियम मोडला नाही. आईनेच ही वाट काढून दिली होती म्हणे.

रात्री दोघं देवळाच्या पायरीवर आभाळाकडे बघत बसले आणि मेव्हणा जिलेबीसारखा मधे. सासूबाई म्हणतात, 'मला मेलं भ्यावच वाटत नव्हतं. वाटायचं, पडायचं तर पडू दे, पण जरा निवांत पडू दे.'

मामंजी दुसऱ्या दिवशी पहाटे परत गेले. गावात कुणी विचारलं तर सांगायचे, सासुरवाडीची माणसं एकटी होती, धीर द्यायला गेलो होतो. सासुरवाडीत तेवीस माणसं होती.


पुण्यात_अडकलेला

'श्रावण बघायला कोण ऱ्हातंय'... एवढी चांगली सबब मला कधीच सुचली नाही. म्हणूनच अडकलोय.


मिलिंदनगर

वाचतोय आणि हसतोय. पण आमच्या घरातली आठवण जरा वेगळी आहे, तीही असू द्या इथे.

आदल्या वर्षी, २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात काय झालं ते वयस्क मंडळींना माहीत आहे. आमच्या वस्तीतली घरं जळाली. आम्ही परत येऊन पत्रे ठोकून वर्षसुद्धा झालं नव्हतं. तर ११ जुलैला गावातून निरोप आला की आज रात्री सगळ्यांनी मिळून देवळासमोरच्या मैदानात झोपायचं, वस्तीवाल्यांनी पण यावं, संकट सगळ्यांवर आहे.

आमच्या आजीने निरोप्याला पाणी दिलं आणि म्हणाली, 'वरून पडणाऱ्या घराचं भ्याव तुमाला. आमचं तर खालूनच पेटलं होतं. जा, निजा तुमी.' आणि दार लावून झोपली. वस्तीतून कुणीही गेलं नाही. सगळ्या गावात त्या रात्री गाढ झोपलेली माणसं तेवढी आमचीच.

एवढंच. चालू द्या.


जिंतूरकर

@मिलिंदनगर, बरं झालं लिहिलंत. आमच्या गावातही तेव्हा कोण कुठे झोपलं होतं हे मी आठवायला बसलो, आणि लिंबाच्या झाडाखाली उभ्या राहायच्या आमच्या रांगेत कोण नव्हतं हे आता आठवतंय. त्या वर्षी काही पोरं शाळेत परत आलीच नव्हती. तेव्हा विचारलं नाही.


कन्नडघाट

मास्तरांना एक दुरुस्ती सुचवतो. माझ्या वडिलांनी स्कायलॅब पडताना प्रत्यक्ष पाहिलं आहे. ११ तारखेला संध्याकाळी सातच्या सुमाराला, गौताळ्याच्या डोंगरामागे जाळाची रेघ गेली. गुरं घेऊन परतत होते. सोबत दोन माणसं होती, दोघंही आता नाहीत.


खडूस_मास्तर

शक्य नाही. स्कायलॅब आपल्या घड्याळाप्रमाणे रात्री १० वाजून ७ मिनिटांच्या सुमाराला वातावरणात विखुरलं. तुकडे पडले हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात, एस्परन्स नावाच्या गावाच्या आसपास. तिथे तेव्हा १२ तारीख उजाडून, म्हणजे मध्यरात्र उलटून, अर्धा तास झाला होता. सातला ते अजून वरच गरगरत होतं. गौताळ्यामागे काही पेटलं असेल तर तो वणवा किंवा वीज.


कन्नडघाट

जुलैत वणवा? मास्तर, वडील ८२ वर्षांचे आहेत. फोन लावून देतो, तुम्हीच सांगा त्यांना.


खडूस_मास्तर

वीज म्हणालो मी. फोन नको.


उदगिरी_बाबू

उदगीर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. आमच्याकडे स्कायलॅब ११ ला नाही, १५ जुलैला पडलं. सांगतो कसं.

११ ची रात्र आमच्या आज्जीने बाजेखाली काढली. सोबत भाकरीचं टोपलं, पाण्याची चरवी आणि मी. सकाळी सगळे म्हणाले पडलं, लांब पडलं, ऑस्ट्रेलियात. आज्जीला ऑस्ट्रेलिया पटेना. 'आपल्याला फसवू लालेत. पडलं असतं तर आवाज आला नसता का?' चार दिवस ती कान देऊन बसली. ऐकायला कमी यायचं, त्यामुळे कान जरा जास्तच द्यायची.

१५ ला रविवार. शेजारच्या काकांकडे रेडिओ. बातमी आली, मोरारजींनी राजीनामा दिला. काका पक्के काँग्रेसवाले, अंगणात येऊन नाचत ओरडले, 'पडलं! पडलं! पडलं एकदाचं!' पुढच्या क्षणाला आज्जी टोपल्यासकट बाजेखाली. मला पायाला धरून ओढलं. बाजेखालून तिचा आवाज, 'कोण कोण मेलं बघा रे!'

काका खाली वाकून समजावू लागले, 'अगं म्हातारे, सरकार पडलं, सरकार!' आज्जी म्हणाली, 'कुणावर?'


शेंगदाणा

'कुणावर?' ह्या प्रश्नाचं उत्तर ऑगस्टमध्ये मिळालं. चरणसिंग आले २८ जुलैला आणि २० ऑगस्टला राजीनामा. त्यांना तर लोकसभेचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. पाटोद्याच्या मामंजींपेक्षा वाईट आखाड.


पुण्यात_अडकलेला

म्हणजे त्या आठवड्यात स्कायलॅब पडलं, सरकार पडलं. आणखी काही पडायचं राहिलं होतं का?


शेंगदाणा

हो, विकेटी. थोरल्या भावाची वही माझ्याकडे आहे, त्यात नोंद आहे. १२ जुलैला एजबॅस्टनला इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी सुरू. आदल्या महिन्यातल्या वर्ल्डकपात आपण तिन्ही सामने हरलेले, अगदी श्रीलंकेशीसुद्धा, आणि तो तेव्हा कसोटी खेळणारा देशही नव्हता. भाऊ म्हणाला, आता इंग्लंडच्या विकेटी पडणार, पडण्याचाच हंगाम आहे. इंग्लंडने डाव सोडला तेव्हा धावफलक : ५ बाद ६३३. बॉयकॉट १५५, गावर नाबाद २००. पडल्या त्या पाचही विकेटी कपिलच्या. बाकी सगळं जग पडलं, इंग्लंड उभं. आपण एक डाव आणि ८३ धावांनी पडलो ते वेगळंच.


काळी_माती

तुकडा सापडला म्हणून कुणी आणला नव्हता का? आमच्या मामाने आणला होता. काळा, चकचकीत, भोकंभोकं पडलेला, अडीच-तीन किलोचा. महिनाभर देवघरात होता. आज्जी त्याला हळदकुंकू लावायची. मग वीटभट्टीवाला एकदा पाणी प्यायला आला आणि म्हणाला, 'आमचा खंगर तुमी देव्हाऱ्यात कामून ठिवलाय?'


खडूस_मास्तर

खरा तुकडा सापडलेल्याची गंमत ऐका. अमेरिकेतल्या एका पेपरने जाहीर केलं होतं, पहिला अस्सल तुकडा आमच्या कचेरीत आणून देणाऱ्याला १०,००० डॉलर. एस्परन्समधल्या १७ वर्षांच्या पोराला घराच्या आवारात जळके तुकडे सापडले. त्याने ते उचलले, विमानात बसला, सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि बक्षीस घेऊन आला.

आणि याहून गोड भाग. त्या एस्परन्सच्या स्थानिक पंचायतीने नासाला दंड ठोकला. कारण? सार्वजनिक जागी कचरा टाकला. रक्कम ४०० डॉलर. नासाने दिला नाही. तीस वर्षं तशीच थकबाकी. शेवटी २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी काढून तो भरला.


उदगिरी_बाबू

तीस वर्षं! म्हणजे नासाने पण 'स्कायलॅबला देतो' म्हणूनच सांगितलं असणार.


जिंतूरकर

मास्तर, हे मला माहीत नव्हतं. आता वाटतंय, आमच्या वडिलांनी वही घेऊन नासाकडे जायला हवं होतं. दोघांचं जमलं असतं.


कन्नडघाट

वडिलांना हा सगळा धागा काल रात्री वाचून दाखवला. मास्तरांचं म्हणणंही वाचलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, 'त्या मास्तरांना पाडव्याचं विचार.'

ते असं : २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी गुढी उतरवून आम्ही गच्चीवर होतो. आभाळात पेटत्या तुकड्यांची एक रांग हळूहळू सरकत गेली. तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल, मराठवाडा-विदर्भात सगळीकडे दिसली होती. आम्ही मोबाइल काढून व्हिडिओ करायच्या गडबडीत. वडील खुर्चीत बसूनच होते. म्हणाले, 'हेच. असंच. मी ४३ वर्षं सांगतोय, तुम्ही ऐकत नव्हता.'

आई म्हणाली, 'अहो, ते वेगळं, हे वेगळं.' ते म्हणाले, 'रेघ तीच हाय.'

मास्तर, बोला.


खडूस_मास्तर

वडिलांना माझा नमस्कार सांगा. सातची वेळ मला अजून मान्य नाही.


मिलिंदनगर

पाडव्याचं आम्हीही पाहिलं. त्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलं होतं. चिनी रॉकेटचा भाग असावा असं तेव्हा सांगितलं गेलं. बैलगाडीच्या धावेपेक्षा मोठं. गावकरी त्याभोवती उभे राहून फोटो काढत होते, कुणी झाडाखाली पळालं नव्हतं. आमची आजी असती तर झोपलीच असती.


पुण्यात_अडकलेला

थांबा, थांबा. एक महत्त्वाचा मुद्दा सगळे विसरताहेत. 'पडण्याच्या बोलीवर' दिले होते ना? मग २०२२ ला पडलं की! जिंतूरकर, त्या अकरा रुपयांचं काय झालं?


जिंतूरकर

हे कुणी तरी विचारणार याची खात्री होती.

तात्या २००४ मध्ये गेले. वडील त्यांच्याही आधी. दुकान कधीच बंद झालं, पण ती वही माझ्याकडे आहे. खोडलेलं नाव, त्याखाली पुन्हा तेच नाव आणि समोर ११. व्याज लावलेलं नाही. तात्यांचा थोरला मुलगा गावातच आहे, माझ्या वर्गातला. बरं चाललंय त्याचं, दोन ट्रॅक्टर आहेत.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला लाडबोरीच्या कड्याचा फोटो पाठवला. खाली वहीच्या पानाचा फोटो. बाकी काही लिहिलं नाही.

दोन निळ्या रेघा लगेच आल्या. उत्तर यायला अर्धा तास लागला.

'ते विदर्भात पडलं. आपल्या शिवारात पडलं की देतो.'